गुलमर्गची गंडोला सोलरवर चालवा म्हणणाऱ्यांनी आधी जानेवारीतली वीज कुठून येते ते बघा

मीटर_रीडर (धागालेखक)

परवा इथे 'हिमशिखर' यांची गुलमर्गहून आल्यावरची पोस्ट वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: स्वित्झर्लंडमध्ये २०११ पासून सोलरवर स्की लिफ्ट चालतेय, आपण मात्र अजून कोळशाच्या विजेवर आणि डिझेलवर माणसं बर्फात नेतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, काश्मीरमधल्या गुलमर्गच्या आणि उत्तराखंडातल्या औलीच्या सगळ्या लिफ्टा दोन वर्षांत सोलरवर न्या नाहीतर बंद करा. खाली नुसता वाहवांचा पाऊस. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला पण लांबत गेला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी नोकरीची सगळी वर्षं सबस्टेशनात काढलीत, त्यामुळे असलं काही वाचलं की गप्प बसवत नाही.

ज्या लिफ्टचा दाखला दिलाय ती स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातल्या टेना नावाच्या खेड्यातली. ४५० मीटर लांबी. पाळणे वगैरे काही नाही, स्की पायात घालून उभं राहायचं आणि दांडी तुम्हाला चढावर ओढत नेते. वर तारांवर पॅनल टांगलेत, बर्फ साठला की ते तिरके करून झटकता येतात. काम सुरेखच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती वर्षाला साधारण ९०,००० युनिट बनवते आणि त्यातली बरीचशी ग्रिडला विकते. म्हणजे उन्हाळ्यात द्यायची आणि ढगाळ दिवशी परत घ्यायची. हे जमतं कारण मागे स्विस ग्रिड उभी आहे, आणि ती धरणांवर आणि अणुभट्ट्यांवर उभी आहे.

आता गुलमर्गची गंडोला, म्हणजे केबिनचा रोपवे. पहिला टप्पा १९९८चा, दुसरा २००५चा, वरचं स्टेशन ३,९०० मीटरच्या वर. चिल्लई कलान म्हणजे तिथला सगळ्यात कडाक्याच्या थंडीचा काळ, २१ डिसेंबर ते जानेवारीअखेर, नेमका गर्दीचा हंगाम, आणि खोऱ्यात नेमके तेव्हाच ढग आणि धुकं. झेलम-चिनाबचं पाणी हिवाळ्यात आटतं, बगलीहार ९०० मेगावॅट, सलाल ६९०, उरी ४८० हे आकडे कागदावर राहतात, प्रत्यक्षात त्याचा थोडा भागच मिळतो. १९६०च्या सिंधू करारामुळे त्या नद्यांवर मोठा साठा करताच आला नाही, येईल ते पाणी फिरवायचं एवढंच. मग उरलेली वीज उत्तर ग्रिडवरून विकत घ्यायची, आणि तिच्यात कोळसा असतोच.

आणि हिशेबच करायचा तर सगळा करा. समजा ५०० किलोवॅटची मोटर तासाला १,५०० माणसं वर नेते. माणशी एक तृतीयांश युनिट झालं. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन धरला तर पाव किलोसुद्धा होत नाही. मुंबई-श्रीनगर विमानात तेच माणूस एका बाजूला शंभर किलोच्या वर जाळून आलेलं असतं. जाळायचं ते विमानात जाळून झालं, आणि राग कशाचा तर पाव किलोचा?

डिझेल इंजिन काढा म्हणताय ते तर हात जोडून सांगतो, नका काढू. ते पर्यटनासाठी नसतंच. वीज गेली की लोकांना खाली आणायला असतं. एवढ्या उंचीवर वाऱ्यात केबिन लटकतेय आणि खाली उतरवायला दोरखंडच आहेत, अशी वेळ कोणावर येऊ नये.

हिमशिखर

मूळ पोस्ट माझी, म्हणून उत्तर देणं भाग आहे. तुमचा अनुभव मान्य, पण तीस वर्षं हेच ऐकतोय. आधी "सोलर महाग आहे", मग "रात्री काय करणार", आता "जानेवारीत काय करणार". दर वेळी पुढचं कारण तयार असतं.

श्रीनगर-लेह २२० केव्ही लाइन २०१९ मध्ये सुरू झालीये. म्हणजे खोरं आणि लडाख तारेने जोडलेले आहेत. लडाखमध्ये हिवाळ्यातसुद्धा कसलं कडक ऊन असतं ते जाऊन आलेल्याला विचारा. केंद्राने २०२३ मध्ये लडाखमधल्या पांगहून हरयाणातल्या कैथलला १३ गिगावॅटच्या प्रकल्पाची वीज न्यायची लाइन मंजूर केली, सोबत १२ गिगावॅट-तास बॅटरी. कैथलला नेता येतं आणि गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गला नाही? उंचावर थंडीत पॅनल जास्त चांगलं चालतं, हे तुम्ही इंजिनिअर असून लिहिलं नाहीत.

आणि विमानाचा मुद्दा म्हणजे विषय बदलणं आहे. मी विमानाने गेलो म्हणून लिफ्टबद्दल बोलूच नये का? असं म्हटलं तर जगात कोणालाच तोंड उघडता येणार नाही. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार तपकिरी होते, फोटो सगळ्यांनी पाहिले. २०२५च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलला. ज्या धंद्याचा कच्चा मालच बर्फ आहे त्याने तरी कोळसा सोडण्यात पुढे असावं. एवढं साधं म्हणणं आहे.

झुरिककर

दोघांचं वाचलं. मी इथे बारा महिने राहतो, पोरं दर शनिवारी स्कीइंगला जातात, त्यामुळे थोडं सांगतो.

इथली लिफ्ट मुळात पाण्यावर चालते. मे-जूनमध्ये वितळलेला बर्फ वरच्या धरणांत अडवतात आणि जानेवारीत सोडतात. ग्रांद दिक्सांसची भिंत २८५ मीटर उंच आहे, पोटात ४० कोटी घनमीटर पाणी. कोकणातली माणसं जूनमध्ये पागोळ्यांचं पाणी पिंपात धरतात तसंच, फक्त पिंप डोंगराएवढं. मीटर_रीडर म्हणतात ते बरोबर आहे, खरा फरक साठ्याचा आहे.

पण सोलर हिवाळ्यात चालत नाही हे चूक. मुटझे धरणाच्या भिंतीवर २,५०० मीटर उंचीवर २.२ मेगावॅटचे पॅनल लावलेत. खाली झुरिकला आठ-आठ दिवस धुकं आणि वर लख्ख ऊन, पॅनल जवळपास उभे असल्याने बर्फ टिकत नाही आणि समोरच्या बर्फावरून उजेड परत येतो. वर्षाची निम्मी वीज हिवाळ्यात मिळते. गुलमर्गला खाली खोऱ्यात ढग असतील हो, वर अफरवट शिखरावर काय असतं ते कोणी मोजलंय का?

दुसरी बाजूही सांगतो. २०२३च्या सप्टेंबरमध्ये वालिस कँटनच्या (प्रांताच्या) लोकांनी डोंगरात झटपट सोलर प्रकल्प करायचा कायदा मतदानाने पाडला. ते कोळशाचे भक्त नाहीत. आमच्या डोंगरावर काय उभं राहायचं ते आम्ही ठरवणार, एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्या बिल्डिंगमधली आजी त्याच भागातली, ती म्हणाली धरणं बांधली तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, आता विचारलंय तर नाही म्हणणार.

माझं मत: हिमालयात साठा असलेलं पाणी हाच उपाय. चिनाबवर मोठी धरणं बांधा, सिंधू करार आता स्थगित आहेच.

पाटणची लेक

झुरिककर, शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. "मोठी धरणं बांधा." किती सहज लिहिलंत.

माझ्या आजोबांचं गाव शिवसागरच्या तळाशी आहे. कोयना. १,९६० मेगावॅट, महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी वगैरे शाळेत आम्हालाच शिकवलं. आजोबांना सोलापूर जिल्ह्यात जमीन दाखवली. ज्यांनी आयुष्यभर चिखलात भात लावला त्यांना ज्वारीचं रान दिलं, पाऊस नाही, बोली वेगळी, गावातले म्हणायचे धरणवाले आले. आजीने येताना जातं आणलं होतं, त्याची वरची तळी वाटेत ट्रकमध्ये फुटली. खालची कितीतरी वर्षं दारात पडून होती, आम्ही पोरं तिच्यावर उभं राहून पाण्याच्या टँकरची वाट बघायचो. ज्या विजेसाठी गाव बुडालं ती आमच्या वस्तीत माझे वडील कॉलेजला जायला लागले तेव्हा आली. आणि मागे राहिलेले जे वर डोंगरावर सरकले त्यांना नंतर अभयारण्यासाठी पुन्हा उठा म्हणाले.

पुनर्वसनाच्या फायली अजून चालू आहेत. त्यामुळे कोणी पाण्याची वीज स्वच्छ म्हटलं की माझ्या डोक्यात जातं. धूर नाही म्हणून स्वच्छ?

मीटर_रीडर

ताई, तुमच्या आजोबांवर अन्याय झाला, कोणीही नाकारणार नाही. पण कोयना नसती तर संध्याकाळी विजेची मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा महाराष्ट्र अंधारात बसला असता. मी स्वतः कंट्रोल रूममध्ये बसून पाहिलंय, मागणीपुढे वीज कमी पडून ग्रिडची फ्रिक्वेन्सी घसरायला लागली की पोफळीच्या, म्हणजे कोयनेच्या वीजगृहाचा फोन हाच आधार. कोळशाचा संच असा दोन मिनिटांत वर येत नाही. अन्याय पुनर्वसनाचा आहे, तंत्राचा नाही.

पाटणची लेक

हेच वाक्य साठ वर्षं ऐकतोय आम्ही. तंत्र चांगलं, पुनर्वसन वाईट. मग एकदा तरी पुनर्वसन आधी आणि तंत्र नंतर असं करून दाखवा ना. "महाराष्ट्र अंधारात बसला असता" म्हणताय, आम्ही बसलोच होतो की अंधारात, आम्ही महाराष्ट्रात नव्हतो का?

घाटवाट

+१ ताई. आणि हे कोयनेपासून सुरू झालेलं नाही. १९२१ला मुळशीत सेनापती बापट काय करत होते? मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मावळ्यांची भातखाचरं बुडवली. गिरण्या गेल्या, धरण तिथेच, काठावर आता रिसॉर्ट. शंभर वर्षांत एकच बदललं, तेव्हा गिरणीसाठी जमीन जायची, आता विकेंडसाठी जाते.

स्वच्छंदी

धागा स्की लिफ्टचा आहे. कोयना-मुळशीसाठी वेगळा धागा काढा, तिथे जरूर लिहू. प्रत्येक धाग्याचं असंच होतं.

घाटवाट

तुम्हाला अडचण होतेय म्हणून लोकांनी बुडालेली गावं वेगळ्या धाग्यात न्यायची का? विजेचा प्रश्न आहे, वीज कुठून येते हे धागालेखकांनीच शीर्षकात विचारलंय. हे त्याचंच उत्तर आहे.

बुग्याल

मी औलीला स्की शिकलोय, नंतरही जात राहिलो. पाटणच्या ताईंचं बोलणं विषयाला सोडून नाही, उलट तोच विषय आहे.

७ फेब्रुवारी २०२१, ऋषिगंगेचा पूर. १३.२ मेगावॅटचा प्रकल्प धुऊन गेला, खालचा तपोवन-विष्णुगाडचा बांध चिखलात गेला, दोनशेच्या वर माणसं मेली, त्यातली बरीच या प्रकल्पांवर काम करणारी. मग जानेवारी २०२३, जोशीमठला घरांना भेगा आणि जोशीमठ-औली रोपवे बंद. चार किलोमीटरचा रोपवे, स्कीइंगला जाणाऱ्यांचा मुख्य रस्ता. मी ज्या घरात उतरायचो तिथल्या स्वयंपाकघरात ओट्यापासून छतापर्यंत तिरकी भेग, त्या माउलींनी त्यात कापड कोंबलं होतं, वारा येतो म्हणून. भांडी मात्र रोजच्यासारखी घासून फळीवर लावलेली. त्या मला विचारत होत्या तुमच्याकडे पुण्यात भाडं किती असतं.

हिमालयात लिफ्ट पाण्याच्या विजेवर चालवायची म्हणून डोंगर पोखरायचा आणि त्याच डोंगरावरची लिफ्ट बंद पडायची, हे झालेलं आहे.

मीटर_रीडर

थांबा. जोशीमठ तपोवन-विष्णुगाडच्या बोगद्यामुळे खचलं हे सिद्ध झालेलं नाही. तो प्रकल्प बांधणाऱ्या एनटीपीसी कंपनीने स्पष्ट नाकारलंय. १९७६च्या मिश्रा समितीनेच लिहून ठेवलं होतं की गाव जुन्या दरडीच्या ढिगावर आहे. वर हॉटेलांचं सांडपाणी मुरतंय ते वेगळंच. सगळं खापर जलविद्युतवर फोडणं सोपं आहे.

बुग्याल

मिश्रा समितीने त्याच अहवालात मोठी बांधकामं करू नका, सुरुंग लावू नका असंही लिहिलंय, ते का गाळलंत? आणि २००९च्या डिसेंबरमध्ये बोगदा खोदणारं मशीन भूगर्भातल्या पाण्याच्या साठ्यात घुसून अडकलं, दिवसाला कोट्यवधी लिटर पाणी वाहत होतं, त्यावर 'करंट सायन्स'मध्ये लेख आलाय. सिद्ध झालं नाही म्हणता, ठीक. पण ढिगावर बसलेल्या गावाखाली बोगदा का न्यायचा हे तरी सांगा. सबस्टेशनात बसून सगळंच सोपं दिसतं.

मीटर_रीडर

वैयक्तिक नको. सबस्टेशनात बसून आम्ही तुमच्या घरातला दिवा चालू ठेवला, चार वादळांत खांबावर चढलेली माणसं माझी होती, त्यातला एक परत उतरला नाही. बोलताना भान ठेवा.

बुग्याल

ते वाक्य मागे घेतो. बोगद्याचा प्रश्न मागे घेत नाही.

डेन्व्हरस्थ

जरा लिफ्टकडे येतो. इथे कोलोरॅडोत वेगळाच प्रकार बघितला. अॅस्पेनच्या स्की कंपनीने २०१२ मध्ये सॉमरसेटच्या एल्क क्रीक कोळसा खाणीतून निसटणारा मिथेन पकडून ३ मेगावॅट वीज करायचा प्रकल्प उभा केला. आता हे जीवाश्म की हरित, तुम्हीच ठरवा. मिथेन तसाच सोडला तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट तापवतो, जाळला तर नुकसान कितीतरी कमी. माझ्या मते एखाद्या डोंगरावर चार पॅनल लावून फोटो काढण्यापेक्षा हे शंभर टक्के जास्त उपयोगाचं. "जीवाश्म सगळं वाईट, सूर्य सगळा चांगला" अशा फळीवर उभं राहिलात तर असल्या गोष्टी सुचतच नाहीत.

आणि "१०० टक्के हरित" लिहिणाऱ्या रिसॉर्टांबद्दल सावध राहा. बरेच जण नुसती प्रमाणपत्रं विकत घेतात, वीज तीच जुनी. मॅसॅच्युसेट्सचं जिमिनी पीक मला खरं वाटतं, २००७ मध्ये स्वतःच्या डोंगरावर दीड मेगावॅटची पवनचक्की उभी केली.

हिमशिखर

पवनचक्की! अफरवटवर वारा काय कमी आहे का, दुसरा टप्पा अर्ध्या वेळा वाऱ्यामुळेच बंद असतो.

मीटर_रीडर

म्हणजे चक्की जोरात फिरेल तेव्हा लिफ्ट बंद, आणि लिफ्ट चालेल तेव्हा चक्की मंद. शिवाय पात्यांवर बर्फ धरतो, ते फुटून खाली पडतं, आणि खाली लोक स्की करतायत. हवीच असेल तर उतारांपासून लांब लावा आणि ग्रिडला द्या.

हिमशिखर

ग्रिडला द्या तर द्या! म्हणजे वीज स्वच्छ हवी हे मान्य आहे ना तुम्हाला? मग इतका वेळ कशावर भांडताय?

मीटर_रीडर

मी "लिफ्टा बंद करा"वर भांडतोय. टंगमर्गचा पोनीवाला, स्लेज ओढणारा, कावा विकणारा, हॉटेलातला पोऱ्या, सगळ्यांचा वर्षाचा पैसा त्या तीन-चार महिन्यांत येतो. आपण पुण्यात बसून दोन वर्षांची मुदत देणारे कोण? काश्मीरमध्ये हिवाळ्यात रोज काही तासांचं लोडशेडिंग वेळापत्रक छापून जाहीर करतात. मी गेलो होतो तेव्हा संध्याकाळी दिवे गेले, घरमालकाने फिरनच्या, म्हणजे लांब झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली घेतली आणि मुलीचा अभ्यास मोबाइलच्या टॉर्चवर चालू. तिला वीज आधी का आपल्याला? नवं सोलर किंवा बॅटरी येईल ती पहिली गावाच्या फीडरला, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या लाइनला द्या. लिफ्ट नंतर.

पाटणची लेक

हे पहिल्यांदा पटलं तुमचं. ज्याच्या दारातून वीज जाते त्याला आधी. एनएचपीसी या केंद्राच्या जलविद्युत कंपनीच्या प्रकल्पांतून त्या राज्याला १२ टक्के मोफत मिळते, बाकी बाहेर जाते किंवा परत विकत घ्यावी लागते. हे काश्मीरचे लोक बोलतात तेव्हा आपण टीव्हीवर दुसरंच ऐकतो. पण मग कोयनेच्या वेळीही हाच नियम लावायला हवा होता, हे कबूल करा.

मीटर_रीडर

लावायला हवा होता. तरीही कोयना व्हायलाच हवी होती, यावर मी ठाम आहे.

पाटणची लेक

आणि मी नाही.

झुरिककर

माझ्या "मोठी धरणं बांधा"चा बराच समाचार झाला. मला अजूनही वाटतं साठा लागेलच, पण भूकंप-दरडीच्या पट्ट्यात आल्प्सचं गणित जसंच्या तसं लागू होत नाही, एवढं बुग्याल यांच्या लिहिण्यावरून घेतो. साठा बॅटरीतला असू शकतो, किंवा असलेल्याच दोन जलाशयांत पाणी वर-खाली करण्याचा. आणि एक गोष्ट कोणीच काढली नाही: उतार नीट करणारी ती अवजड मशीनं. रात्रभर चालतात, तासाला वीस-पंचवीस लिटर डिझेल पितात. लिफ्टची मोटर विजेवरच असते, ती आज ना उद्या ग्रिडबरोबर स्वच्छ होईल. या मशीनांचं डिझेल ग्रिड सुधारून जाणार नाही.

हिमशिखर

ही माहिती मूळ पोस्टमध्ये घालतो. "दोन वर्षांत नाहीतर बंद" हे वाक्य काढतोय, मीटर_रीडर यांच्यामुळे नाही, त्या अभ्यास करणाऱ्या मुलीमुळे. पण लिफ्टने पाव किलो सोडला तर काय बिघडलं, हे मी मान्य करणार नाही. हंगामात लाखांनी माणसं वर जातात, पाव किलोला लाखाने गुणून बघा.

मीटर_रीडर

गुणलं. एका लाखाला २५ टन. आता त्याच लाख लोकांची विमानं गुणा, १० हजार टनांच्या वर जातं आणि ते फक्त एका बाजूचं. सगळे विमानाने येत नाहीत हे धरून निम्मं करा, तरी लिफ्ट कुठे आणि विमान कुठे. जम्मूहून पुढची रेल्वे आता श्रीनगरपर्यंत झालीये. पुढच्या वेळी रेल्वेने जा, आणि तो प्रवास कसा झाला ते इथे लिहा, मी पहिला वाचेन.

स्वच्छंदी

२०२५ मध्ये ही रेल्वे सुरू झाली तेव्हा कटऱ्याला उतरून गाडी बदलावी लागत होती. तिकिटं लवकर काढा, हंगामात मिळत नाहीत.